पतिताने देव शोधावा कसा?



कीर्तन आटोपल्यावर, पंगत बसायच्या आधी, श्रोते जे प्रश्न विचारतात त्यांत एक प्रश्न वर्षानुवर्षे तसाच राहिला आहे. 'महाराज, आमच्यासारख्या पापी माणसाला देव सापडायचा कसा?' पुष्कळ जण हे नम्रतेने म्हणतात, तशी रीत आहे म्हणून म्हणतात. पण एखादा मात्र खरेच विचारत असतो. तो मंडपाच्या मध्यावर बसत नाही, कनातीला टेकून उभा असतो. दारूने घर बसवलेले असते, भावाची जमीन लबाडीने लिहून घेतलेली असते, म्हातारी आई दुसऱ्याच्या दारात पडलेली असते. त्याच्या मनात असते की, मी इतका खाली गेलो आहे की देवाला शोधण्याचा अधिकारच माझा उरलेला नाही. अशा माणसाला 'नाम घे, सगळे ठीक होईल' एवढे सांगून भागत नाही. त्याची शंका खोल आहे. ती अशी: जे मन बिघडले, त्याच मनाने देव शोधायचा ना? मग बिघडलेला काटा खरे वजन कसे दाखवणार?

या शंकेचा विचार आपल्या संतांनी केला आहे, तसाच ख्रिस्ती धर्मातल्या शास्त्र्यांनीही केला आहे. तो वाद त्यांच्यात सोळाशे वर्षे चालू आहे. आम्ही नगर जिल्ह्यातली माणसे. तिसगावच्या एका अंगाला मढीचे कानिफनाथ, उत्तरेला माउलींनी भावार्थदीपिका सांगितली ते नेवासे, आणि पश्चिमेला नगर शहर, जिथे १८३१ सालापासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे आहे. या जिल्ह्यात गावोगाव ख्रिस्ती घरे आहेत. बांधाला बांध लागून शेती केली, एका आडाचे पाणी प्यालो, तर शेजाऱ्याच्या घरात याच प्रश्नाचे काय उत्तर देतात हे ऐकून घ्यायला हरकत नसावी. दुसऱ्याचा सिद्धांत नीट समजला की आपलाही उजळून दिसतो.

पतित म्हणजे पडलेला. शब्दातच सांगितले आहे की हा आधी कुठेतरी वर होता. ख्रिस्ती शास्त्रातही हेच 'पतन' मुळाशी आहे. त्यांच्या उत्पत्तीच्या कथेत आदाम आणि हव्वा या पहिल्या दांपत्याने देवाची आज्ञा मोडली आणि ते पडले. पण त्या कथेतला पुढचा भाग विचार करण्यासारखा आहे. पडल्यावर माणूस देवाला शोधायला निघाला नाही. तो झाडांआड लपला. बागेतून चालत आला तो देव, आणि 'कुठे आहेस' अशी हाक मारली तीही देवानेच. म्हणजे त्यांच्या ग्रंथातला पहिला शोध देवाने माणसाचा घेतलेला आहे.

पुढे ख्रिस्ताचा शिष्य पौल याने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात जुन्या स्तोत्राचा आधार देऊन सांगितले की, आपण होऊन देवाचा शोध करणारा कोणी नाही, एकही नाही. वाचणारा दचकतो. पण त्याच पौलाने अथेन्स शहरात, तिथल्या मूर्तिपूजक विद्वानांपुढे बोलताना वेगळा सूर लावला. देवाने माणसाला अशासाठीच घडवले की त्याने चाचपडत का होईना देवाला शोधावे, आणि देव कोणापासूनही दूर नाही, असे तो तिथे म्हणाला. एकाच वक्त्याची ही दोन वचने. एक म्हणते शोधणारा कोणी नाही, दुसरे म्हणते सगळे शोधण्यासाठीच जन्मले. या दोन वचनांचा मेळ घालण्यात त्यांच्या शास्त्र्यांची शतके गेली.

पाचव्या शतकाच्या आरंभी हा वाद पेटला. पेलाजियस नावाचा एक कडक आचाराचा साधू होता. त्याचे म्हणणे साधे होते. देवाने आज्ञा दिली आहे, तर ती पाळण्याची शक्तीही माणसात असली पाहिजे. आळस सोडा आणि सुधारा. त्याच्या विरुद्ध उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन उभा राहिला. तारुण्यात वाट चुकलेला, पश्चात्तापाने परतलेला हा माणूस. त्याने स्वानुभवाच्या जोरावर सांगितले की, पडलेल्याची इच्छाच आजारी असते. देवाकडे वळावेसे वाटणे हेही देवाने दिल्याशिवाय वाटत नाही. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसचे मत नाकारले. मग काहींनी मधली वाट काढली की, पहिले पाऊल माणसाने टाकावे, पुढचे देव पाहील. ५२९ साली फ्रान्समधल्या ऑरेंज गावी भरलेल्या सभेने तेही नाकारले आणि ठरवले की पहिले पाऊलही कृपेचेच.

इथवर आपल्याला परके काही वाटत नाही. पण पुढे सोळाव्या शतकात कॅल्विन यांनी आणि १६१८-१९ साली हॉलंडमधल्या डॉर्ट इथल्या सभेने हाच विचार टोकाला नेला. कृपा ज्यांच्यावर व्हायची ते देवाने आधीच निवडलेले आहेत, बाकीचे आपल्या पापात राहतात, असा तो सिद्धांत. त्याला आतूनच विरोध झाला. अठराव्या शतकात इंग्लंडातले जॉन वेस्ली म्हणाले की, माणूस पडलेला खरा, त्याला आपल्या बळावर उठता येत नाही हेही खरे. पण देवाची आधी धावणारी कृपा प्रत्येक माणसापर्यंत पोचलेली असते, आणि तिच्यामुळेच त्याला हो किंवा नाही म्हणता येते. हे सगळे एकाच धर्माचे लोक, एकाच ग्रंथाचे वाचक.

आपल्याकडच्या अभ्यासकांना यावरून दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचा वाद आठवेल. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन पक्ष झाले. एक वडकलै, दुसरा तेंकलै. एकाने वानरीच्या पिलाचा दृष्टांत दिला: आई उडी मारते, पण पोटाला घट्ट धरून राहणे पिलाचे काम. दुसऱ्याने मांजरीच्या पिलाचा दिला: ते काहीच करत नाही, आई तोंडात धरून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ते हेच. म्हणजे हा प्रश्न एका धर्माचा नाही. जिथे जिथे देवाला दयाळू म्हटले गेले, तिथे तिथे तो उभा राहिला.

आता हा वाद मराठीत कसा आला ते पाहू. गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मोपदेशक आले. चाळीस वर्षे इथे राहिले, भाषा शिकले आणि त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राचोल इथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, कानांना ओवीची सवय मात्र तशीच होती. म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ झाला. आदामाचे पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणे, हा त्याच्या पहिल्या पुराणाचा गाभा. ज्या छंदात नेवाशाला शके १२१२ मध्ये गीता मराठी झाली, त्याच छंदात सव्वातीनशे वर्षांनी पतनाची ही कथा मराठी झाली. ओवीने दोघांनाही जागा दिली.

आपल्या नगरमध्ये मात्र हा प्रश्न ग्रंथातून बाहेर आला आणि माणसांच्या पोटाला जाऊन भिडला. रॉबर्ट ह्यूम हे मिशनरी जन्माने मुंबईचे. १८७४ साली ते कामावर रुजू झाले आणि नगरला पन्नास वर्षे राहिले. खेड्यात उपदेश करताना त्यांच्यापुढे एक प्रश्न येई, जो कोणत्याही शेतकऱ्याने विचारावा असाच होता: ख्रिस्ताचे नाव कानावर न येता आमचे आजे-पणजे गेले, त्यांचे काय? ते बुडाले म्हणायचे का? कडक शास्त्राचे उत्तर ठरलेले होते. ह्यूम यांना ते बोलवेना. १८८६ साली अमेरिकेत असताना त्यांनी उघडपणे अशा मताला सहानुभूती दाखवली की, ज्यांनी जिवंतपणी ऐकलेच नाही त्यांना देव मृत्यूनंतरही संधी देईल. एवढ्यावरून तिथल्या मंडळाने त्यांना हिंदुस्थानात परत पाठवण्याचे काम अडवून धरले. मोठा वाद झाला. अखेर त्यांना परत येऊ दिले. विचार करा, वाचकहो: नगरच्या खेड्यातल्या मेलेल्या पूर्वजांसाठी एक परदेशी माणूस आपल्याच लोकांशी भांडला. त्याचा धर्म आपला नव्हे, पण ती कळवळ ओळखीची आहे.

याच नगरात नारायण वामन टिळक आले. जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. कवी, संस्कृतचे जाणते, पुराण-कीर्तनात मुरलेले. ख्रिस्ती होण्याच्या आधीची त्यांची कित्येक वर्षे शोधातच गेली. गाव सोडायचे, नोकरी सोडायची, पुन्हा निघायचे. पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त या धावपळीचे जे वर्णन केले आहे ते वाचताना हसूही येते आणि पोटात कालवतेही. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, सोसले, आणि पुढे आपल्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या.

टिळकांची गोष्ट मी इथे सांगतो आहे ती एका कारणासाठी. आपण ख्रिस्ताकडे पोचलो ते तुकोबारायांच्या पुलावरून, असे ते सांगत. हे विधान आपल्या प्रश्नाला थेट जाऊन लागते. पतित मनुष्य देवाला शोधूच शकत नाही हे खरे मानले, तर बाप्तिस्म्याआधी टिळकांना वर्षानुवर्षे कोण धावडवत होते? देहूला तुकोबारायांच्या काळजात ती आग कोणी लावली होती? टिळकांनी तुकोबांना अंधारातला माणूस म्हटले नाही. तिथेही देवच काम करत होता असे त्यांनी मानले, आणि आपल्या नव्या देवाला त्यांनी जुन्याच अभंगात आळवले. नगरला त्यांच्याही आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट घातली होती. त्या वाटेवर टिळकांनी भक्तिरस आणला. आजही चर्चमध्ये त्यांची गीते म्हटली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडून साधूसारखे राहू लागले. त्याच वर्षी आळंदीला जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. दोघांच्या वाटा निराळ्या. तुकोबाराय मात्र दोघांचेही.

टिळकांच्या म्हणण्यातला दुसरा अर्धा भाग आपण वारकरी मान्य करणार नाही. आपल्याला तुकोबाराय पूल नाहीत, पैलतीर आहेत. पुलावरून पुढे जायचे असते. आपण तिथेच थांबतो, कारण पांडुरंग तिथेच उभा आहे. हा भेद झाकून ठेवायचे कारण नाही. दुसराही एक भेद आहे. पहिल्या पूर्वजाचे पाप वारशाने प्रत्येक बाळाला येते, हे आपल्या शास्त्राला मंजूर नाही. आपल्याकडे जिवाचे बंधन अनादी अविद्येचे आहे. ते कोणा एका बापाच्या माथी मारता येत नाही, आणि जिवाचे मूळ स्वरूप त्याने डागाळत नाही. आरशावर धूळ बसली तरी आरसा धुळीचा होत नाही. आणि देवाने मोजके निवडले, बाकीचे टाकले, हे मत तर नामाच्या दिंडीत बसतच नाही. आपल्या दिंडीला दार नसते.

मग आपले उत्तर काय? ते पंढरपुरात विटेवर उभे आहे. पुंडलिकाची कथा आपण इतकी ऐकली की तिच्यातले मर्म निसटते. पुंडलिक मुळात आई-बापाला छळणारा, पतितच. काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याने पाहिले की, मळलेल्या वस्त्रांनी आलेल्या गंगा, यमुना, सरस्वती सेवा करून निर्मळ होऊन जातात. विचारल्यावर कळले की, पाप्यांचे मळ घेऊन त्या येतात आणि मातृपितृभक्ताच्या सेवेने शुद्ध होतात. तिथे त्याचे डोळे उघडले आणि तो आई-बापाचे पाय चेपू लागला. त्याने देवाला शोधले का? नाही. देव त्याच्या दारात आला, आणि त्याने वीट भिरकावून 'थांब' म्हटले. अठ्ठावीस युगे झाली, देव थांबला आहे. शोधणारा देव आणि थांबवणारा भक्त, अशी ही आपल्या संप्रदायाची पायरी आहे.

पण इथेही मर्कटाचा अंश आहेच. आश्रमातले दृश्य दाखवले कृपेने. माघारी फिरून पाय चेपायला हात लागले पुंडलिकाचे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत दुराचाऱ्यालाही साधू समजावे असे म्हणतात, आणि माउली त्यावर महापुरात बुडालेला मनुष्य न मरता बाहेर निघाल्याचा दृष्टांत देतात. तो पुरात का गेला याची चौकशी माउली काठावर उभे राहून करत नाहीत. तो निघाला, एवढ्यावर आनंद आहे. अजामिळाने तर हाक देवाला मारली नव्हती, नारायण नावाच्या पोराला मारली होती. तरी ती पोचली. तुकोबाराय स्वतःला पतित म्हणवतात आणि त्याच तोंडाने देवाशी भांडतात की, पतितपावन हे तुझे ब्रीद माझ्यावाचून चालेल कसे? पडलेपणा हाच त्यांनी हक्क करून टाकला.

म्हणून कनातीला टेकून उभ्या राहिलेल्या त्या माणसाला मी म्हणेन: बाबा, 'मला देव सापडेल का' ही चिंता तुझ्या मनात आली कुठून? बिघडलेल्या काट्याला आपण बिघडलो आहोत हे कळत नाही. तुला कळले आहे. ज्याला तहान लागली त्याच्या अंगात जीव आहे. तुझी तळमळ हीच देवाने मारलेली पहिली हाक आहे. आता पाय उचलणे तुझ्याकडे. ऑगस्टीनने वेगळ्या भाषेत, वेगळ्या देशात हेच ओळखले होते, याचे मला नवल वाटते आणि समाधानही.

याला एक पथ्य आहे. नामाच्या बळावर पाप करणे हा नामापराधांत मोठा अपराध. पौलानेही आपल्या लोकांना बजावले होते की, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचे हे बोलूच नका. लबाडीने घेतलेली भावाची जमीन दाबून ठेवून टाळ वाजवला, तर त्या टाळाचा आवाज भावाच्या घरापर्यंतच जातो, वर जात नाही.

शेवटी एक कडू गोष्ट, पण इतिहास लिहायचा तर ती टाळता येत नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आपल्या जिल्ह्यात जे पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले, त्यांत महार-मांग समाजातले बहुसंख्य होते. त्यांना 'पतित' कोणी ठरवले होते? कोणत्याही पापाने नव्हे, जन्माने, आणि तेही गावाने. चोखोबारायांची समाधी महाद्वारी आहे. त्यांच्या वंशजांना गाभाऱ्यापर्यंत जायला १९४७ सालचा मे महिना उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. पतिताला देव शोधता येतो का, हा वाद शास्त्री घालत होते, तेव्हा पुष्कळांना शोधता येत होता आणि दारात माणसे आडवी उभी होती. त्यातले काही जण दुसऱ्या दाराने गेले. त्यांना बाटगे म्हणणाऱ्याने आधी आपले दार कोणी बंद ठेवले होते ते आठवावे.

तेव्हा वाचकहो, येत्या आषाढीला दिंडी निघेल. मागच्या ओळीत, पखवाजापासून लांब, कोणी अनोळखी चालत असेल. त्याच्या गळ्यात माळ नसेल, तोंडाला कदाचित कालचा वास असेल. त्याला 'तू इथे कसा' असे विचारू नका. पुढे बोलवा, हातात टाळ द्या, मुक्कामी आपल्या भाकरीतली अर्धी द्या. तो आला आहे म्हणजे त्याला कोणीतरी बोलावले आहे. बोलावणारा आपल्याहून मोठा आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

रामकृष्ण हरी.